अस्सल आणि नक्कल : वाफेच्या जुन्या इंजिनांचा जीर्णोद्धार आणि रेल्वेचे कारखाने

मराठी इतिहाससंशोधनात कोणत्याही कागदाची पहिली परीक्षा तो अस्सल की नक्कल या प्रश्नाने होते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून ही कसोटी येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडली आहे. कागदाची जात, शाई, अक्षराचे वळण, शिक्का, मिती यांपैकी एक जरी गोष्ट विसंगत दिसली तरी अभ्यासक सावध होतो. परंतु जे साधन कागदाचे नसून लोखंडाचे, तांब्याचे व बिडाचे आहे, आणि जे शंभर वर्षे कारखान्यात दुरुस्त होतच आलेले आहे, त्याच्या बाबतीत ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गेल्या काही दशकांत भारतीय रेल्वेच्या कारखान्यांनी वाफेची जुनी इंजिने पुन्हा चालती केली. त्या कामाच्या निमित्ताने हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

या प्रश्नाच्या विवेचनास दोन इंजिने विशेष उपयोगी आहेत. इंग्लंडातील लीड्स येथील किट्सन, थॉम्प्सन अँड ह्युइटसन या कारखान्यात १८५५ साली ती तयार झाली व त्याच वर्षी ईस्ट इंडियन रेल्वेसाठी कलकत्त्यास उतरली. कंपनीने त्यांना २१ व २२ असे क्रमांक दिले. दोघांची घडण एकच : मधोमध मोठ्या चालक चाकांची एक जोडी, तिच्या पुढे व मागे लहान चाकांची एकेक जोडी, आणि पाण्याची टाकी वेगळ्या डब्यात न ठेवता इंजिनातच बसविलेली. क्रमांक २१ ला ‘एक्सप्रेस’ आणि क्रमांक २२ ला ‘फेअरी क्वीन’ म्हणून ओळखतात. यांतील दुसरे नाव मूळचे नव्हे. क्रमांक २२ ला नाव मिळाले ते १८९५ साली, म्हणजे चाळीस वर्षे निव्वळ आकड्याने काम केल्यावर. ज्या नावाने हे इंजिन जगभर ओळखले जाते ते नावच उत्तरकालीन आहे, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी पुढील चर्चेची दिशा कळून येईल.

फेअरी क्वीनने आरंभी हावडा ते राणीगंज या मार्गावर हलक्या टपालगाड्या ओढल्या. १८५७ च्या उठावात सैन्याच्या गाड्यांना ते जुंपले गेले. पुढे बिहारात नवे मार्ग घालण्याच्या कामी त्याचा उपयोग झाला आणि १९०९ साली ते सेवेतून निघाले. त्यानंतर अनेक वर्षे ते हावड्यास चौथऱ्यावर उभे होते. १९४३ मध्ये चंदौसी येथील रेल्वेच्या प्रशिक्षणशाळेत गेले आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आले. हे संग्रहालय १९७७ साली सुरू झाले. १९९७ मध्ये, म्हणजे ८८ वर्षांच्या खंडानंतर, ते पुन्हा स्वतःच्या वाफेवर मुख्य मार्गावर धावले. त्याच वर्षी दिल्ली ते अलवर अशी प्रवासी गाडी त्याला जोडण्यात आली आणि १९९८ मध्ये नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. २०११ च्या सुमारास त्याचे अनेक भाग चोरीस गेले व मोडतोड झाली, तेव्हा मद्रासच्या पेरांबूर कारखान्यात त्याची पुनश्च बांधणी करावी लागली. एक्सप्रेस हे इंजिन जमालपूरकडे शोभेची वस्तू म्हणून दीर्घकाळ उभे राहिले होते. त्याचा जीर्णोद्धारही पेरांबूरनेच केला आणि २०१० मध्ये ते चालते झाले.

पेरांबूरला हे काम यावे यात एक औचित्य आहे. मद्रास रेल्वेने हा कारखाना १८५६ साली स्थापिला. म्हणजे इंजिने आणि कारखाना यांच्या वयात एका वर्षाचे अंतर. परंतु या दोन इंजिनांचे संगोपन ज्या कंपनीने केले तिचा मुख्य कारखाना जमालपूरचा. तो ८ फेब्रुवारी १८६२ रोजी सुरू झाला. किपलिंगने १८८८ मध्ये ज्याचे वर्णन केले तो हाच, आणि १८९९ साली ‘लेडी कर्झन’ हे इंजिन बांधून स्वतःची इंजिने घडविण्यास त्याने आरंभ केला. हा तपशील महत्त्वाचा अशासाठी की, १८५५ ते १९०९ या चोपन्न वर्षांत ही इंजिने जशी होती तशी राहिली असे मानण्यास काहीच आधार नाही. वाफेचे इंजिन ठरावीक काळाने पूर्ण उकलले जाते. चाकांवरील पोलादी धावा झिजतात व बदलतात. बेअरिंगांत मऊ धातूचे अस्तर पुन्हा ओतले जाते. बॉयलरमधील नळ्या तर खर्चाच्याच वस्तू समजल्या जातात. पुष्कळ रेल्वे कंपन्यांत एका इंजिनाचा बॉयलर काढून दुसऱ्यावर चढविण्याची चाल होती, कारण बॉयलरच्या दुरुस्तीस सांगाड्याच्या दुरुस्तीहून अधिक वेळ लागतो व तेवढा काळ इंजिन निकामी ठेवणे परवडत नाही. तेव्हा ‘मूळ इंजिन’ असे ज्यास म्हणावे ती वस्तू कामाच्या दिवसांतही सतत बदलत होती. ती एखाद्या दप्तरासारखी आहे, ज्यात प्रत्येक कारकुनाने आपापल्या काळी काही पुरवण्या जोडल्या आणि काही पाने काढून टाकली.

अशा दप्तराचे थर ओळखता येतात काय? येतात, आणि यासाठी लागणारी साधने इतिहासकारास अपरिचित असली तरी दुर्बोध नाहीत. पहिली कसोटी धातूची. बेसेमरने पोलाद करण्याची आपली रीत जाहीर केली १८५६ साली. त्यापूर्वीच्या वर्षी बांधलेल्या इंजिनाचा सांगाडा व बॉयलरचे पत्रे स्वाभाविकच घडीव लोखंडाचे असावयाचे. घडीव लोखंडात मळीचे बारीक तंतू अडकलेले असतात. तुकडा घासून आम्लाने धुतला की लाकडाच्या रेषांसारखी तंतुमय रचना दिसू लागते. नरम पोलादात ती दिसत नाही. घडीव लोखंडाचे व्यापारी उत्पादन ब्रिटनमध्येही १९७० च्या दशकात थांबले, म्हणून आज जीर्णोद्धारात घातलेला कोणताही नवा पत्रा पोलादाचाच असणार व तो परीक्षेत लपणार नाही.

दुसरी कसोटी जोडाची. जुन्या बॉयलरचे पत्रे एकमेकांवर चढवून तापलेल्या रिव्हेटांनी शिवलेले असत. आतील अग्निपेटी इंग्रजी प्रघाताप्रमाणे तांब्याची असे आणि ती बाहेरच्या कवचाला शेकडो आधारखिळ्यांनी धरून ठेवलेली असे. वीजझोताने वितळवून केलेला सलग सांधा हा विसाव्या शतकाचा. तो जेथे आढळेल तेथे तो थर अर्वाचीन समजावा.

तिसरी कसोटी आट्यांची. १८५५ च्या सुमारास नट-बोल्टांचे आटे कारखान्यागणिक निराळे असत. व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचविलेले ५५ अंशांच्या कोनाचे आटे हळूहळू सर्वत्र रूढ झाले. भारताने १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती स्वीकारली आणि तिच्याबरोबर ६० अंशांचे मेट्रिक आटे आले. एकाच इंजिनावर तीन प्रकारचे आटे सापडणे शक्य आहे, आणि तसे सापडल्यास तीन काळांचे हात त्यावरून फिरले हे उघड होते. मोडी कागदात वळणावरून लेखकाचा काळ ठरविणाऱ्याला ही रीत परकी वाटू नये.

याहून बोलका पुरावा पाणी भरण्याच्या यंत्रणेत आहे. बॉयलरमध्ये वाफेचा दाब असताना आत पाणी कसे ढकलावयाचे, ही इंजिनकर्त्यांची जुनी अडचण. आरंभीच्या इंजिनांत चाकांच्या किंवा दट्ट्याच्या गतीवर चालणारा पंप असे, आणि त्याचा मोठा दोष असा की इंजिन उभे असले की पंपही उभा. चालकाला पाण्याची पातळी राखण्यासाठी इंजिन थोडे पुढे-मागे चालवावे लागे. जिफारने १८५८ मध्ये इंजेक्टरची रचना शोधली. त्यात वाफेचा झोतच पाण्याला ओढून बॉयलरमध्ये नेतो व कोणताही चालता भाग लागत नाही. म्हणजे १८५५ च्या इंजिनावर इंजेक्टर दिसला तर तो नंतरचा, यात संशय नाही. आता एक्सप्रेसच्या २०१० च्या जीर्णोद्धाराकडे पाहावे. त्या वेळी इंजिनावर विजेच्या मोटारीने फिरणारा पंप बसविण्यात आला. हवेच्या दाबाचे ब्रेक व वेगमापकही आले. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक १८६९ चा, म्हणजे इंजिनाहून चौदा वर्षांनी धाकटा. मूळ इंजिनावर हाताने आवळण्याच्या ब्रेकखेरीज फारसे काही नसावे. वर्दळीच्या मार्गावर प्रवासी बसवून गाडी न्यावयाची तर आजचे सुरक्षानियम पाळणे भागच आहे, आणि त्याबद्दल कारखान्यास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु परिणाम असा झाला की पाणी भरण्याची जी कृती १८५५ च्या चालकाच्या दिवसाचा मोठा भाग व्यापीत होती, तीच कृती चालत्या इंजिनावर आज पाहावयास मिळत नाही. इंजिन धावते, त्या काळचे काम मात्र धावत नाही.

येथे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द क्षणभर थांबून तपासण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील देवळांच्या बाबतीत तो सर्वांच्या ओळखीचा. गाभारा यादवकालीन, शिखर पेशवाईतले, सभामंडप कालपरवाचा, अशी कितीतरी देवळे दाखविता येतील. भाविकाच्या दृष्टीने देऊळ एकच असते, कारण पूजा अखंड चालू असते. रेल्वेच्या कारागिराची दृष्टी भाविकाच्या जवळची आहे : इंजिन चालले म्हणजे ते जिवंत. झिजलेला भाग पुन्हा नव्यासारखा करणे हाच त्याच्या व्यवसायाचा धर्म. संशोधकाची गरज नेमकी उलट असते, कारण त्याला झीजच हवी. पायफळीचा कोणता कोपरा अधिक घासला गेला, कोणत्या बाजूच्या चाकाची धाव अधिक खाल्ली गेली, रंगाच्या पापुद्र्याखाली किती रंग आहेत, यांतून इंजिनाच्या नोकरीचा वृत्तांत मिळतो. कारखान्यात इंजिन आले की पहिल्या आठवड्यातच ते घासून उघड्या धातूपर्यंत नेण्याची रीत आहे. त्या घासण्यात निघून जाणारा मजकूर पुन्हा लिहिता येत नाही.

या विरोधाचे एक उत्तर इंग्लंडात स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’च्या बाबतीत सापडले. १८२९ च्या रेनहिल येथील स्पर्धेत जिंकलेले हे इंजिन १८६२ मध्ये लंडनच्या संग्रहालयास मिळाले. स्पर्धेच्या वेळी त्याची सिलिंडरे सुमारे ३८ अंशांनी कललेली होती. लवकरच ती उतरवून जवळजवळ आडवी करण्यात आली. संग्रहात राहिलेले इंजिन बदललेल्या अवस्थेतले आहे. ते पुन्हा १८२९ च्या रूपात न आणता तसेच ठेवले गेले, आणि म्हणूनच १९९९ मध्ये यॉर्क येथे बेली व ग्लिदरो या अभ्यासकांना त्याचा एकेक भाग तपासून बदलांचा क्रम लावता आला. चालते रॉकेट पाहण्याची लोकांची हौस भागविण्यासाठी १९७९ मध्ये एक वेगळी प्रतिकृती बांधली गेली. अस्सल कपाटात आणि नक्कल वापरात, ही व्यवस्था दप्तरखान्यातलीच होय.

ही प्रतिकृती ज्यांच्या पुढाकाराने झाली ते मायकेल सॅटो याआधी भारतात होते आणि दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाच्या उभारणीत त्यांनी मोठा भाग घेतला होता. त्या काळी संग्रहालयासाठी जी यंत्रे मिळाली त्यांत पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचे इंजिन हे सर्वांत विलक्षण. या गाडीची चाके रस्त्याच्या कडेला घातलेल्या एकाच रुळावरून चालत, आणि तोल राखण्यासाठी बाजूचे एक मोठे चाक रस्त्यावर टेकलेले असे. बहुतेक भार रुळावर, थोडासा रस्त्यावर. बर्लिनच्या ओरेनस्टाइन उंड कोपेल या कारखान्याने १९०७ च्या सुमारास तिच्यासाठी चार इंजिने पुरविली. माथेरानच्या डोंगरी रेल्वेची पहिली इंजिने याच कारखान्याची व त्याच वर्षांच्या आसपासची आहेत. पतियाळाची गाडी १९२७ मध्ये बंद पडली आणि सामान संस्थानच्या आवारात पडून राहिले. १९६२ मध्ये रेल्वेच्या जिज्ञासू अभ्यासकांना ते आढळले. १९७६ मध्ये अमृतसर येथील रेल्वेच्या कारखान्याने एक इंजिन पुन्हा चालते केले आणि जुन्या सांगाड्यावर एक डबा नव्याने उभा केला. अमृतसरचे काम नसते तर या पद्धतीची गाडी प्रत्यक्ष कशी चालते हे कोणास दाखविता आले नसते. छायाचित्रावरून बाजूच्या चाकाचा उपयोग समजतो. वळणावर तोल कसा सांभाळला जातो ते समजत नाही. जीर्णोद्धाराच्या बाजूने करता येईल असा सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे.

याच युक्तिवादाचा दुसरा भाग कारागिरांविषयीचा आहे आणि तो अधिक निकडीचा. भारतीय रेल्वेसाठी वाफेचे शेवटचे रुंदमापी इंजिन चित्तरंजन येथे १९७० मध्ये तयार झाले व मीटरमापी इंजिनांचे उत्पादन १९७२ मध्ये संपले. रुंदमापी मार्गावरील वाफेची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. १९७२ साली अठराव्या वर्षी उमेदवार म्हणून लागलेला कारागीर २०१४ मध्ये साठीला पोहोचला. बॉयलरच्या आत आडवे पडून रिव्हेटाला आधार धरणारा, तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून घणाची वेळ ठरविणारा, बेअरिंगला निळा रंग लावून उठावाच्या जागा खरवडणीने काढणारा आणि बिडाच्या ओतकामासाठी लाकडी साचा करताना धातू थंड झाल्यावर किती आकसेल याचा अंदाज बांधणारा हा माणूस आहे. त्याचे ज्ञान कोणत्याही नियमपुस्तकात पूर्णपणे उतरलेले नाही. नियमपुस्तकात माप असते, हात नसतो. १९९७ चा, २०१० चा आणि त्यानंतरचा जीर्णोद्धार झाला तो ही पिढी कामावर असताना किंवा नुकतीच निवृत्त झालेली असताना. इंजिनाच्या निमित्ताने हे ज्ञान एकदा पुढील उमेदवारांच्या हाती गेले असेल तर ते घासून काढलेल्या रंगाच्या थरांहून कमी मोलाचे म्हणता येणार नाही.

तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात ही गोष्ट आणखी पुढे गेली. निलगिरीच्या दातेरी रुळांवर चालणारी इंजिने मूळची स्वित्झर्लंडातील विंटरथूर येथील. त्यांची पहिली तुकडी १९१४ पासून आली. त्यांत सिलिंडरांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी साधी चाके फिरविते आणि तिच्यातून निघालेली वाफ चढावर दुसऱ्या जोडीत शिरून दातेरी चाके फिरविते. जुनी इंजिने दुरुस्तीच्या पलीकडे जाऊ लागल्यावर गोल्डन रॉकने २०११ पासून त्याच धर्तीची नवी इंजिने बांधली. पहिली चार तेलावर चालणारी आणि पुढे २०२१ मध्ये एक कोळशावर चालणारे. ही उघड नक्कल आहे, आणि ती तशी असल्याचे कोणी लपविलेले नाही. ती आहे म्हणून जुन्या इंजिनांना विसावा देता येतो. घाटाच्या वाटेवर प्रवासी रोज नेण्यासाठी अस्सल झिजवीत राहण्यापेक्षा ही तोड अधिक शहाणपणाची दिसते. फेअरी क्वीनच्या बाबतीतही अशी प्रतिकृती आधी झाली असती तर मूळ इंजिनावर दोनदा हात चालवावा लागला नसता.

मुंबईकडे पाहिले म्हणजे या चर्चेची दुसरी टोकाची बाजू दिसते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी तीन इंजिनांनी ओढली. साहिब, सिंध व सुलतान ही त्यांची परंपरेने सांगितली जाणारी नावे आजही शाळकरी मुलांच्या तोंडी आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने इंग्लंडातील व्हल्कन फाउंड्रीकडून १८५२ मध्ये अशी आठ इंजिने घेतली होती. त्यांतील एकही आज उभे नाही. भायखळ्याचा आणि नंतर १८७९ पासून परळचा कारखाना त्या रेल्वेची इंजिने दुरुस्त करीत आला. परंतु पहिल्या इंजिनांपैकी एखादे चौथऱ्यावर चढविण्याची कल्पना वेळेवर कोणास सुचली नाही. पूर्वेकडील दोन इंजिने वाचली ती काहीशा योगायोगानेच : काम संपल्यावर ती भंगारात न जाता शोभेसाठी उभी राहिली. तेव्हा पेरांबूरच्या कामाची चिकित्सा करताना, चिकित्सा करण्यासाठी तेथे काहीतरी शिल्लक आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

राहता राहिला प्रश्न नोंदींचा. जीर्णोद्धारात काढलेला प्रत्येक जुना भाग क्रमांक घालून वेगळा ठेवणे, काढण्यापूर्वी त्याची मापे व छायाचित्रे घेणे, नव्या भागावर वर्षाचा ठसा मारणे, या गोष्टींना खर्च फार नाही. लागते ती शिस्त. नव्या भागावरील असा ठसा म्हणजे प्रक्षिप्त श्लोकापुढे संपादकाने घातलेली खूण. आणि एक्सप्रेस व फेअरी क्वीन यांच्या बाबतीत तर एक दुर्मीळ संधी आहे. एकाच कर्त्याने एकाच वर्षी लिहिलेल्या ग्रंथाच्या जणू या दोन प्रती आहेत. भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या जशा समोरासमोर ठेवून पाठ ठरविले गेले, तशी या दोन इंजिनांची भागवार तुलना करता येईल. जेथे दोघांचे धातू, आटे व मापे जुळतात तेथे लीड्सचा पाठ असण्याचा संभव अधिक. जेथे ती वेगळी पडतात तेथे निदान एका जागी नंतरचा हात आहे. यात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. दोन्ही इंजिने चोपन्न वर्षे एकाच कंपनीच्या देखभालीत होती, त्यामुळे दोघांत सारखाच आढळणारा एखादा भाग लीड्सचा नसून जमालपूरच्या एकाच साच्यातून निघालेलाही असू शकेल. त्याचा निकाल मापांनी लागणार नाही. त्यासाठी तुकडा घासून धातूचे तंतूच पाहावे लागतील.